तळवड्याच्या बायका कुठल्या?

१९७४ साली पिंपरीजवळच्या एका कॉलेजनं पहिल्यांदाच प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना आसपासच्या लोकजीवनाचा अभ्यास करण्यासाठी अनुदान मंजूर केलं. समाजशास्त्राच्या ढमढेरे सरांनी तळवडे गाव निवडलं. कारखान्यांमुळे बाहेरून किती माणसं आली आणि मूळची किती उरली, हे त्यांना शोधायचं होतं. घरोघरी जाऊन फॉर्म भरून आणायचं काम एस.वाय.च्या शुभदा कुंटेकडे आलं.

फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, ‘स्थानिक की बाहेरचे?’ यात चुकण्यासारखं काही असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण तळवड्यातल्या पहिल्याच आजीबाईंनी आपण बाहेरच्या असल्याचं सांगितलं. त्यांचं माहेर खेडजवळ, इथं येऊन त्यांना साठ वर्षं झाली होती. दुसऱ्या घरातली सून बाहेरची, तिची सासूही बाहेरची. उलट तीन वर्षांपूर्वी बीडहून आलेला उद्धवराव म्हणाला, आपण स्थानिकच. कंपनीत स्थानिकांना आधी घेतात म्हणून तो तसं सांगतोय, की त्याला मनापासून तसं वाटतंय, हे शुभदाला काही कळेना. त्यानं सांगितलं तसंच तिनं लिहून घेतलं.

आठवड्याभरात बायकांच्या सगळ्या फॉर्मांवर ‘बाहेरची’ हा एकच शब्द दिसायला लागला.

एका ओसरीवर नणंद-भावजय कांदे निवडत बसल्या होत्या. नणंद रंभा पस्तिशीची, नवऱ्यानं टाकलेली. बारा वर्षं भावाकडेच राहत होती. प्रश्न ऐकल्यावर तिनं मान वर केली.

“मी हितलीच. ह्याच घरात जलमले.”

शुभदाला हायसं वाटलं. ती लिहायला लागली, तोच भावजय कस्तुरा शांतपणे म्हणाली, “तसं नका लिवू, बाई. पोरगी दिली की ती त्या गावची. ह्या चाकणच्या.”

रंभानं सडका कांदा बाजूला टाकून दुसरा उचलला. शुभदानं ‘स्थानिक’ लिहिलं खरं, पण आपण भांडण तर लावून दिलं नाही ना, या विचारात ती बस येईपर्यंत घुटमळत राहिली.

ढमढेरे सरांनी सगळे फॉर्म चाळले. मग त्यांनी ठरवलं की लग्न झालेल्या बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव. त्यांनी स्वतःच लाल शाईनं दुरुस्त्या केल्या. एका दुपारीत गावातल्या साऱ्या सुना स्थानिक झाल्या. रंभाचा नवरा चाकणचा, म्हणून तिच्या फॉर्मवर मात्र त्यांनी ‘बाहेरची’ केलं.

“सर, पण जन्मानं तिथली अशी बाई ती एकटीच भेटली मला,” शुभदा म्हणाली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मलाही ते पटत नाही, शुभदा. पण तिला नियमातून वगळायचं, तर मग बाकीच्यांचं काय करायचं, सांग.”

शुभदानं रंभाबद्दल दोन पानांची वेगळी टीप लिहून दिली, सरांनी ती अहवालाच्या शेवटी जोडली. कॉलेजनं कामाचं कौतुक केलं, पुढच्या वर्षासाठी आठवडी बाजारांचा विषय मंजूर केला. त्या टिपेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

शुभदाला राहवेना. एका रविवारी निगडीला बस बदलून ती तळवड्याला गेली. रंभा मळ्यात घेवडा तोडत होती. शुभदानं अडखळत सगळं सांगितलं; फॉर्मवर काय होतं, मग काय झालं.

“त्ये कागद कुठं ठिवत्यात?” रंभानं विचारलं.

“कॉलेजात. लायब्ररीच्या कपाटात.”

“हितलं कोन वाचायला जात न्हाई ना?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या,” असं म्हणून रंभा पुढच्या वाफ्याकडे वळली.

बांधावर उभी राहून शुभदा तिच्या पाठीकडे बघत राहिली. रंभाला बरं वाटलं की वाईट, हे तिला काही केल्या उमगेना; आणि विचारायचा धीरही झाला नाही.