बकुळीहाराचं वजन

खंडेरावांनी तो फोन केला नसता, तर हार घरी आला असता. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला त्याच क्षणी त्यांना हे कळलं, आणि हे घरात सांगता येणार नाही हेही कळलं.

खंडेराव मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी बोईसरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. तिथून चिंचणीला डाय कोरायच्या कामात शिरले ते कायमचेच. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यात दागिन्याचं फूल, पान उलटं कोरायचं. वर सोन्याचा पत्रा ठेवून दाबला की फूल उठून येतं. चिंचणीच्या डाय लांब लांब जातात. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. पण खंडेराव डावखुरे. त्यांनी कोरलेल्या पाकळीच्या शिरा इतरांपेक्षा उलट्या बाजूला झुकतात, आणि हे ओळखणारा एकच माणूस, ते स्वतः.

बकुळीच्या फुलाची डाय त्यांनी सतरा वर्षांपूर्वी कोरली होती. व्यापाऱ्याला देण्याआधी त्याच्या परवानगीने एकतीस फुलं दाबून घेतली आणि मैनाबाईंना हार करून दिला. त्यांच्या संसारातला मोठा दागिना तो एवढाच. मागच्या वर्षी मैनाबाईंच्या दुखण्यात तो विकावा लागला. त्यांनी स्वतःच गळ्यातून काढून दिला.

"हा आपल्या मुलीचा, स्वराचा आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात तिच्या गळ्यात पाहिजे. तेवढं बघा."

खंडेराव हो म्हणाले. फाल्गुनात मैनाबाई गेल्या.

स्वराचं लग्न वाणगावला आधीच ठरलं होतं. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वाणगावचे लोक थांबायला तयार नव्हते. मार्गशीर्षातली तारीख धरली. बैठकीत स्वराची होणारी सासू सहज म्हणाली, "आईचा हार असेलच की मुलीला." खंडेराव तिथेही हो म्हणाले.

भाद्रपदात एका सकाळी त्यांचा भाचा सुजित फोन घेऊन आला. तो एमआयडीसीत कामाला, राहायला मामांकडेच.

"मामा, हे बघा. मामीच्या हारासारखाच दिसतोय."

दागिने ऑनलाइन विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं पान होतं. खंडेरावांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला. शिरा उलट्या झुकलेल्या. मैनाबाईंच्या हारासारखा म्हणजे काय, डायच ती होती.

खाली किंमत होती अठरा हजार नऊशे. सोनं त्या आठवड्यात तोळ्याला लाखाच्या वर होतं. एक शून्य गळलंय हे खंडेरावांना तिथल्या तिथे दिसलं. सुजितलाही काहीतरी दिसलं असावं, कारण त्याने आवाज खाली घेतला.

"घ्यायचा?"

"घे," खंडेराव म्हणाले.

एवढ्यात काशीबाई दारात आल्या. घिवलीच्या काशीबाई वीस वर्षं या दारावर मासे घेऊन येत होत्या. मैनाबाई गेल्यावरही येत होत्या, कुणी काही घेतलं नाही तरी.

"काय बघतंव दोघं? आमाला पन दाखवा." त्यांनी फोटो पाहिला. "अगं बाय! मैनाचाच हार हाय ह्यो. केवड्याचा?" सुजितने किंमत सांगितली. "एवढा सस्ता? पितळंचा नाय ना?"

"सोन्याचा आहे," खंडेराव म्हणाले. "असते कधी कधी ऑफर."

"मंग माझे पोरीला, सोमीला पन घेऊ का? तिचं पन लगीन काडलंय."

आता काय बोलायचं? नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. "घ्या," ते म्हणाले.

"तुमी बोलता म्हंजे बास. दागिन्यातलं तुमाला नाय कलनार तं कोनाला कलनार?" काशीबाईंनी पैसे सुजितकडे आणून दिले आणि त्याने त्यांचीही ऑर्डर टाकली.

दुसऱ्या दिवशी खंडेराव कामावर बसले, पण हातातली पाकळी पुढे सरकेना. त्यांनी परत फोन काढला. हार पाहिला. पानावर खाली वजन लिहिलं होतं, बारा ग्रॅम. काल ते नजरेतून सुटलं होतं.

बारा ग्रॅममध्ये ही फुलं निघूच शकत नाहीत. या डायवर पत्रा पातळ घेतला की पाकळी फाटते. फोटोतही फुलं एकतीसच होती; त्यांना पंधरा ग्रॅम लागतात, त्याच्या खाली होत नाही. त्यांनी फोन बाजूला ठेवला. पुन्हा उचलला. कुणीतरी त्यांच्या कामाखाली चुकीचा आकडा लिहिला होता आणि सगळं जग तो वाचत होतं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी पानावरचा नंबर फिरवला.

"सर, आपली तक्रार काय आहे?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"तक्रार नाही. वजन चुकलंय. पंधरा पाहिजे. दुरुस्त करा."

"आपल्याला कसं माहीत, सर?"

"डाय माझी आहे," खंडेराव म्हणाले. असं सांगायची वेळ तीस वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांना बरं वाटलं.

मुलीने आभार मानले, पान तपासून घेते म्हणाली. कंपनीने पान तपासलं. वजन दुरुस्त झालं आणि किंमतही झाली. संध्याकाळी दोन्ही ऑर्डरी रद्द झाल्याचे मेसेज आले. किमतीत चूक झाली होती, पैसे परत मिळतील, क्षमस्व.

सुजित घरभर ओरडत फिरला. "पैसे घेतले, ऑर्डर पक्की म्हणून मेसेज पाठवला, आणि आता चूक? आपण एक शून्य जास्त टाकलं असतं तर यांनी परत केलं असतं? मी सोडणार नाही मामा."

त्याने वकीलही शोधली. तेजल नावाची, पालघरची, तिशीतली. तिचं ऑफिस कोळगावला जिल्हा मुख्यालयासमोर. सुजित मामांना घेऊन गेला, तिने सगळं ऐकून घेतलं.

"सरळ आहे काका. दुकानदाराने पाटी लावली, तुम्ही पैसे दिले, त्याने पावती दिली. मग पाटी चुकली म्हणतो. चूक त्याची, मग भुर्दंड गिऱ्हाइकाला का? ग्राहक आयोगात जाऊ. फक्त एक प्रश्न ते नक्की काढणार. किंमत चुकलीय हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून घेतलं असेल तर ती लबाडी ठरते. म्हणून प्रतिज्ञापत्रात एक ओळ घालू, की मला कल्पना नव्हती."

"नव्हतीच," सुजित म्हणाला.

खंडेराव पंख्याकडे बघत बसले.

चार दिवसांनी त्यांना फोन आला. नंबर अनोळखी होता. माणूस म्हणाला, मी निमेश, कंपनीचं कायद्याचं काम बघतो.

"काका, वजन चुकलंय, डाय माझी आहे, असा तुम्ही केलेला फोन आमच्याकडे रेकॉर्ड आहे. ज्याला वजन कळतं त्याला किंमतही कळलीच असणार. घाबरू नका. तुमच्यामुळेच आम्हाला चूक कळली. आम्ही तुमचे आभारीच आहोत."



"तुमचा हार आम्ही त्याच किमतीत देतो. लग्नाआधी घरपोच. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की किंमत चुकीची आहे हे बघताक्षणी कळत होतं. कुणालाही कळलं असतं."

"कुणालाही?"

"कुणालाही. म्हणजे इतर गिऱ्हाइकांचा प्रश्नही मिटतो."

"आणि काशीबाईंचा हार?"

"तो विषय वेगळा, काका. आठवडाभर विचार करा."

आठवडाभर खंडेरावांनी दुसरं काही केलं नाही. तेजलच्या कागदावर सही करावी तर ते खोटं, आणि रेकॉर्डिंग बाहेर आलं की काशीबाईंचंही बुडणार. निमेशच्या कागदावर करावी तर हार स्वराच्या गळ्यात येणार, आणि सोमीचा जाणार. तोही त्यांच्याच शब्दावर घेतलेला. कुठेच सही करू नये तर मैनाबाईंना काय सांगायचं? रात्रंदिवस एवढंच फिरत राहिलं. कामावर दोन फुलं बिघडली. जेवताना स्वरा म्हणाली, "अप्पा, सासूबाईंनी विचारलंय आईचा हार कधी बघायला मिळेल. त्यांना साडी त्याच्यावर शोभेल अशी घ्यायचीय." खंडेराव पाणी प्यायला उठले.

आठवा दिवस उजाडला. काशीबाई, सुजित आणि खंडेराव सह्या करायला कोळगावला गेले. काशीबाई नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "सही करतान हात नाय कापला पायजे. चौथीपर्यंत शिकलेली हाय मी."

तेजलने कागद वाचून दाखवले. 'मला कल्पना नव्हती' ही ओळ आली तेव्हा खंडेराव म्हणाले, "थांबा, वकीलबाई. मला होती."

"काय होती?"

"कल्पना. मी बघितलं तेव्हाच कळलं होतं मला."

सुजित हसला. "मामा, मस्करी करू नका."

खंडेरावांनी सगळं सांगितलं. शून्य गळलेलं दिसलं ते, वजनाचा फोन, निमेशचा फोन. सांगायला फार वेळ लागला नाही. पंधरा दिवस जे छातीवर होतं ते पाच मिनिटांत संपलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

सुजित उठून उभा राहिला. "वजनासाठी? तुम्ही वजनासाठी फोन केला? तीन ग्रॅमसाठी? हार दारात आला असता मामा!"

"चुकीचं लिहिलं होतं," खंडेराव म्हणाले. 

 काशीबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"मी इचारलं तवा ऑफर हाय बोललात तुमी."

"बोललो."

"म्हंजे मला खोटं बोललात. वजन चुकलं तं त्या कंपनीला फोन करून सांगतंव, आनि मी समोर उबी होते तं मला नाय सांगलं? त्या कंपनीपेक्षा मी परकी?"

 काशीबाईंनी त्यांना सोडलं नाही. "मैना असती नं, कान पिरगाळला असता तुमचा."

"काका," तेजल म्हणाली, "असं असेल तर मी तुमची तक्रार दाखल करू शकत नाही. हार विसरा."

"हो. पण मला दुसरं लिहून द्यायचंय."

"त्या निमेशला?"

"नाही. तुम्हाला. तो म्हणतो कुणालाही कळलं असतं. ते खरं नाही. मला कळलं कारण ती डाय मी कोरलीय. तिला पत्रा किती लागतो ते मला माहीत आहे. काशीबाईंना कुठून कळणार? त्यांनी तर विचारलं होतं स्वस्त कसा म्हणून. ज्याला कळत होतं त्यालाच विचारलं, आणि त्याने खोटं सांगितलं. असं लिहा. माझ्या नावाने."

तेजलने पेन खाली ठेवलं. "तुम्ही स्वतःला खोटारडा म्हणून सही करणार?"

"झालंच आहे ते."

"याने केस जिंकू असं मी सांगत नाही. पण वाईट नाहीये." ती काशीबाईंकडे वळली. "तुम्हाला चालेल, मावशी?"

"मला इचारू नका," काशीबाई म्हणाल्या. "लिवा काय लिवायचं ते."

नोटरीने शिक्का मारला. काशीबाईंनी सही केली, हात कापला नाही. बोईसरला उतरेपर्यंत त्या खंडेरावांशी एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षात बसताना सुजितला म्हणाल्या, "तुजे मामाला सांग, उंद्या बोंबील घेऊन येनार नाय मी. परवाचं बगू."

घरी स्वराला खंडेरावांनी स्वतःच सांगितलं. सुजितला बोलू दिलं नाही. ती भाजी निवडत होती.  ऐकून झाल्यावर निवडलेली मेथी आणि काड्या चुकून एकाच ताटात पडल्यात हे तिच्या लक्षात आलं आणि ती परत वेगळ्या करू लागली.

"त्या निमेशला लिहून दिलं असतं तर हार मिळाला असता?"

"हो."

"आणि सोमीचा गेला असता."

"हो."

ती काड्या वेचत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज साधाच होता. "आईने मला काही सांगितलं नव्हतं अप्पा, हाराचं. तिने फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हणून तर मला तो पाहिजे होता," खंडेराव म्हणाले.

"उद्या वाणगावला जाऊन मी सांगते हार नाही म्हणून. तुम्ही येऊ नका."

"मी हो म्हणालो होतो त्यांना. मीच सांगायला पाहिजे."

"नको. तुम्ही गेलात की हे सगळं पहिल्यापासून सांगत बसाल. शून्य, फोन, सगळं. मला तिथे राहायचंय."

"मग तू काय सांगशील?"

"आईच्या दवाखान्यात गेला म्हणेन." स्वराने ताट उचललं. "ते खोटं नाहीये ना?"

खंडेराव नाही म्हणाले. ती आत गेली. त्यांना तिच्या मागे जायचं होतं, पण ते तिथेच बसून राहिले.