वाट पाहण्याचा तक्ता

करुणाला शेंद्र्याच्या कंपनीत लागून चार महिने झाले होते. प्रयोगशाळेतलं काम तिला जमलं होतं. अडचण होती कंपनीच्या पावणेसातच्या बसची. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये तीन लेटमार्क लागले की कायम होणं लांबायचं, आणि तिचे दोन लागले होते. दोन्ही दिवशी ती फुलंब्रीच्या थांब्यावर पावणेसातच्या आधी उभी होती. बसच उशिरा सुटली, कारण आप्पासाहेब यायचे होते.

आप्पासाहेब युनियनचे अध्यक्ष. त्यांना लेटमार्क लागत नसे.

करुणाने वहीत तक्ता आखला: तारीख, थांबलेली मिनिटं, कोणासाठी. चोवीस दिवसांत आप्पासाहेबांसाठी सरासरी सहा मिनिटं. बाकी अकरा जणांसाठी शून्य.

"काय लिहिता वो ताई रोज?" ड्रायव्हर रामकिसनने विचारलं.

"वेळ, काका."

"लिहा. गाडी काय वहीवर चालत नाय."

तक्ता तिने एचआरच्या तनुजा मॅडमना दिला. मॅडमनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, नीटनेटका आहे म्हणाल्या. सोमवारी सूचना लागली: बस वेळेवर सुटावी म्हणून फुलंब्रीचा थांबा बदलला आहे. नवा थांबा आप्पासाहेबांच्या फाटकासमोर होता.

बस वेळेवर सुटू लागली. करुणाची पायपीट सव्वा किलोमीटरने वाढली.

प्रोबेशनच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे, आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. ते भरून ती पळत सुटली, तोवर सहा एकोणपन्नास झाले होते. बस उभी होती. दार उघडं होतं.

"दम खा, पोरी," पहिल्या सीटवरून आप्पासाहेब म्हणाले. "म्याच रामकिसनला म्हणलं, थांब, आपली करुणा येतीय. लेकराला तिसरा लेटमार्क कशाला?"

तिसरा, हे त्यांना कोणी सांगितलं, ते तिने विचारलं नाही.

"थँक्यू, काका."

"त्यात काय. तुझा तक्ता लई झ्याक व्हता. मॅडमनी दाखवला."

कंपनीच्या गेटवर बस उशिराच पोचली. आप्पासाहेबांनी खिडकीतून सिक्युरिटीला हात केला. त्या दिवशी बसमधल्या कुणालाच लेटमार्क लागला नाही.

जेवणाच्या सुट्टीत करुणाने वही काढली. तारीख टाकली. थांबलेली मिनिटं: चार. कोणासाठी, तिथे स्वतःचं नाव लिहिलं. तक्त्यात एक रकाना राहून गेला होता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पट्टी धरून तिने तो आखला आणि वर लिहिलं: कोणाच्या सांगण्यावरून.