पालथ्या कुंडीखालचा गाभा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे, पण माझ्यात आजवर एकही रोप लावलेलं नाही. कुंभाराने मला बुडाला भोक न पाडताच घडवलं, कारण माझं काम जन्मभर पालथं राहण्याचं. एंडाइव्ह नावाची सॅलडची भाजी असते ना, तिच्यावर मला झाकतात. पंधरा दिवस ऊन दिसलं नाही की तिचा कडूजहर हिरवा गाभा पांढरा पडतो आणि जिभेला हवाहवासा वाटेल एवढाच कडूपणा त्यात उरतो.

मळा एका नवरा-बायकोचा होता. तो खणायचा, पाणी द्यायचा, बाजार करायचा. झाकायचं काम मात्र तिचं. एंडाइव्हच्या दोन जाती ती लावायची. कुरळ्या, फाटक्या पानांची ती ‘झिपरी’ आणि रुंद, गुबगुबीत पानांची ती ‘ढब्बी’. ढब्बीची पानं ती नुसती वर गोळा करून सुतळीने बांधायची. मी झिपरीच्या वाट्याची. या दोन्ही जातींची एक चुलतबहीण आहे, ती म्हणे अंधाऱ्या खोलीतच वाढते, टोकदार कळीसारखी. तिचं नाव काढलं की बाई नाक मुरडायची. “जिने ऊनच पाहिलं नाही, तिचं गोरेपण काय कौतुकाचं!”

झाकण्याआधी ती पानांत पालथा हात घालून बघायची. जरा गार लागलं की मला बाजूला ठेवायची. “केस ओले असताना कुणी अंबाडा घालतं का?” असं म्हणायची. हॉटेलचा आचारी झिपरी न्यायला यायचा, तेव्हा मला टिचकी मारून म्हणायचा, “सगळी करामत हिची!” मी अशी फुगायचे म्हणता!

मग ती आजारी पडली आणि अंथरुणाला खिळली. कुठल्याच घासाला चव लागेना. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. त्याच दिवशी ती म्हणाली, “अहो, झिपरीचा पांढरा गाभा खावासा वाटतोय. तेवढं कडू तरी कळेल मला.”

त्याने आयुष्यात एकही झिपरी झाकली नव्हती. पण इतकी वर्षं बघूनही शिकलो नाही, हे कबूल करायची त्याला लाज वाटली. सकाळी त्याने वाफ्याला झारीने पाणी घातलं आणि हातासरशी मला पालथं घातलं. पानं निथळत होती हो! मला ओरडता आलं असतं तर!

खिडकीतून तिने विचारलं, “पानं कोरडी होती ना?”

“होती गं,” तो म्हणाला.

आठव्या दिवशी माझ्या पोटात कुजका वास सुटला. पंधराव्या दिवशी त्याने मला उचललं, तर खाली नुसता काळा चिखल. त्याने शेजारच्या न झाकलेल्या झिपरीची आतली पानं खुडली, धुतली आणि ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवली. ती बराच वेळ एक पान चघळत राहिली.

“ओलीच झाकलीत ना?”

तो हुंदके देऊन रडू लागला. “मला येत नाही गं. कधी विचारलंच नाही तुला.”

तिने त्याचा हात धरून पालथा केला आणि बोटांच्या पेरांवर आपलं बोट टेकवलं. “इथे गार लागलं तर थांबायचं. जा, दुसरी झाका. मी आहे.”

तो दुपारपर्यंत थांबला. तीनदा हात घालून पाहिला आणि मगच मला ठेवलं. अकराव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर चार दिवसांनी तो वाफ्याकडे आला आणि त्याने मला उचललं. इतका पांढराशुभ्र गाभा तिच्या हातूनही कधी झाला नव्हता. त्याचा चेहरा उजळला. घराकडे वळून त्याने हाक मारली, “अगं, झाली बघ!”

मग तो तसाच उभा राहिला.

मित्रांनो, तेव्हापासून मी बांधावर पडून आहे. काठाला तडा गेलाय, त्याचं मला काही नाही. माझी विनवणी एवढीच की जे येत नाही ते घरातल्या माणसाला विचारा, तो घरात आहे तोवर विचारा. तिला शिकवायला मिनिटभरही लागलं नव्हतं. आणि तिची खाट वाफ्यापासून वीस पावलांवर होती.