मुऱ्हाळी

जामखेडच्या पलीकडे माळावर मिशनचं इस्पितळ होतं. तिथल्या मेट्रन मेरीबाई शब्दाच्या पक्क्या आणि मानाच्या त्याहून पक्क्या. त्यांनी पोरी शिकवाव्यात, आणि बिल्ला लागला की पोरींनी पुण्याची वाट धरावी, हे वर्षानुवर्षं चाललेलं. "जाणाऱ्याला अडवू नये," म्हणत बाई प्रार्थना करून निरोप द्यायच्या आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात शेवटची नर्सही गेली. दिवाळीपर्यंत दुसरी मिळाली नाही तर बाळंतिणींचा वॉर्ड बंद करावा लागेल, असं डॉक्टर डेव्हिडसाहेबांनी सांगितलं. वॉर्ड बाईंनी उभा केलेला. त्यांचा जीव तुटला. पुण्याला गेलेली कृपा त्यांची सगळ्यात गुणी पोर. पगार वाढवू म्हणून इस्पितळानं तिला दोनदा पत्र धाडलं होतं, पण उत्तर नव्हतं.

"कागदानं लेक येती व्हय?" चादरींच्या घड्या घालत आया छबूबाई म्हणाली. "लेकीला न्यायला मुऱ्हाळी जावा लागतो, बाई. मूळ धाडल्याबिगर कोन माहेरी येतंय?"

मेरीबाईंना राग आला. त्या रागातच त्यांनी दशम्या थापल्या. त्या दुष्काळात दूध कुठून पैदा केलं, ते त्यांनाच ठाऊक. शिदोरी बांधून त्यांनी जीपवाल्या कारभारीच्या हातात दिली.

"मुऱ्हाळी म्हणून जा. पगाराचं अक्षर काढू नकोस."

कारभारी नवा फेटा बांधून एसटीनं पुण्याला गेला. तिथं कृपाच्या इस्पितळाच्या दारावर "पेशंट कोण?" म्हणून विचारलं, तर पठ्ठ्या म्हणाला, "पेशंट न्हाई. भनीला न्यायला आलोय." दोन दिवस तो तिथंच बसून राहिला. सासरचे लगेच कुठं धाडतात?

तिसऱ्या दिवशी कारभारीबरोबर एसटीतून कृपा उतरली, राजीनामा देऊन. तिनं बाईंना वाकून नमस्कार केला.

"पत्रं मिळाली नव्हती का गं?"

"मिळाली की. ती चाकरीची होती, बाई. चाकरीच करायची तर पुणं काय वाईट?" कृपा म्हणाली. "मूळ आत्ता आलं."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा अभिमान त्यांना आजवर कशाचाच वाटला नव्हता.

"मग माहेरपनाला किती दिस ठिवायची?" छबूबाईनं टोचलं.

"कसलं माहेरपण? आत एक बाई कळा देतेय. हात धू आधी."

कृपा हसत वॉर्डात गेली. मेरीबाई स्वयंपाकघराकडे वळल्या आणि त्यांनी पुन्हा पीठ काढलं. कारभारी दारात आला.

"आता कुनासाठी, बाई?"

"फेटा सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "पुण्यात माझ्या अजून दोघी लेकी आहेत."