दोनशे सत्याऐंशीवं घर

आमच्या पाणीपुरवठा खात्यात ताईंना कुणी नावाने हाक मारत नाही. सव्वीस वर्षं त्या फोनवर बसतात. निम्म्या शहराचं रडगाणं त्यांच्या कानातून गेलंय. हातात दिलेल्या यादीवर त्या वरून खाली जसेच्या तसे फोन लावायच्या, प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करायच्या आणि वेळ लिहायच्या. आम्ही संगणकवाले त्या पेन्सिलीला हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

त्या दिवशी सकाळी पावणेआठला पंपावरून कळलं की कारखान्याचं सांडपाणी तीन नंबरच्या टाकीत शिरलंय. टाकी लगेच बंद केली, पण तासाभरापूर्वी सोडलेलं पाणी जवळपासच्या पाइपांत उतरलं होतं. त्या टाकीवरच्या सगळ्या घरांना ‘नळाचं पाणी पिऊ नका’ असं कळवायचं होतं. यादी काढणं माझं काम.

शहराचं सगळं पाणी आमच्याकडे संगणकात जाळ्याच्या रूपात भरलेलं आहे. टाकी, व्हॉल्व्ह, घर हे ठिपके. पाइप म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा. या टाकीपासून निघ, रेघांवरून चालत जा आणि वाटेत लागतील ती घरं सांग, असा निरोप एपीआयमार्फत, म्हणजे मशीनला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायच्या वाटेने, धाडला की यादी येते. त्या निरोपात ‘क्रम’ नावाचा एक रकाना असतो. तिथे ‘अंतर’ लिहिलं तर जवळची घरं आधी येतात. रिकामा सोडला तर मशीन आपल्या मनाने चालतं. एक फाटा धरतं, त्याच्या पार टोकापर्यंत जातं, तिथून घरं नोंदत मागे येतं, मग दुसरा धरतं. मी रकाना रिकामा सोडला. घाई होती, असं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तीन अक्षरं लिहायला कसली आलीय घाई.

तीनशे बारा घरं निघाली. ताईंनी कागद घेतला, चष्मा नाकावर सारखा केला आणि बोट खाली खाली नेत थांबल्या.

“अरे, टाकीजवळची घरं वर दिसत नाहीत कुठे. हा शिंपी तर टाकीच्या भिंतीला लागून राहतो. त्याचं नाव पार तळाशी?”

“ताई, मशीनने काढलीय यादी. तुम्ही डोकं लावू नका, फोन लावा.”

असं म्हणालो मी. सगळ्यांसमोर म्हणालो, आणि दोघंतिघं हसले. ताईंनी मान खाली घातली आणि पहिला नंबर फिरवला.

त्यांच्या जोडीचा माणूस रजेवर होता. प्रत्येकाला समजावून सांगायचं म्हणजे मिनिटभर तरी जायचंच. ज्यांच्या नळापर्यंत ते पाणी पोचणारही नव्हतं, त्या टोकाच्या घरांना सगळ्यांत आधी फोन गेले. शिंप्याचा नंबर दोनशे सत्याऐंशीवा. त्याला पाऊण वाजता फोन लागला, तोवर त्याच्या चार महिन्यांच्या मुलीला नळाच्या पाण्यात कालवलेलं दूध दोनदा बाटलीने पाजून झालं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बातमी आली तेव्हा ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “मी तुझं ऐकायला नको होतं,” एवढंच म्हणाल्या. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

आठवड्याने साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“चौकशी बसलीय. यादी मागतायत. क्रम लावून परत काढ.”

“साहेब, तेव्हाची यादी वेगळी होती.”

“वेगळी कशी? तीनशे बारा घरं तेव्हाही होती, आताही आहेत. एखादं वाढलं का त्यात?”

“ताईंचा कागद आहे ना. खुणांचा.”

“तो काल फाइलला लावायला मागून घेतला मी.” साहेबांचा हात टेबलाच्या खणावर होता. “हे बघ, रकाना कुणी रिकामा सोडला हे बाहेर आलं, तर पोलीस तुझ्या दारात येतील. माझ्या नाही.”

माझी पाचावर धारण बसली. मशीन काढलेली यादी साठवून ठेवत नाही, दर वेळी नव्याने काढतं. म्हणजे त्या कागदाखेरीज पुरावा नव्हताच. जागेवर येऊन मी तोच निरोप पुन्हा लिहिला आणि रकान्यात ‘अंतर’ भरलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी आली. शिंपी पहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती द्यायला फार काही लागत नाही, खुर्चीत बसल्या बसल्या देता येते. मी यादी छापली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

चौकशीला एका लांब टेबलापलीकडे तीन अधिकारी बसले होते. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती, काढायची राहिली असावी. यादी त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली आणि ताईंकडे वळला.

“पहिलंच नाव माझं आहे. मग मला एवढ्या उशिरा का, बाई?”

“माझ्या कागदावर तुम्ही दोनशे सत्याऐंशीवे होता.”

“कुठाय तो कागद?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेबांना दिला.”

“माझ्याकडे असा कुठलाही कागद आलेला नाही,” साहेब म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. यादीत काही अडलं की त्या नेहमी जशा पाहायच्या, तशाच पाहत होत्या.

“हा सांगेल ना. यादी यानेच काढली,” त्या म्हणाल्या. “मी त्याला विचारलंही होतं.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “त्या दिवशी दिलेली यादी हीच?”

“नावं हीच होती, साहेब.”

“यांनी तुम्हाला काही विचारलं होतं?”

“आठवत नाही.”

संध्याकाळी ताईंच्या निलंबनाचा कागद निघाला, आणि पुढे निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला तोही त्यांच्यावरच.

मी जिना उतरत होतो तेव्हा शिंप्याने मला गाठलं. आता माझी कॉलर धरणार, असं वाटलं. धरावी असंही वाटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“तुम्ही तरी माझं नाव पहिलं लिहिलं होतंत,” तो म्हणाला.

“ते कामच आहे माझं,” मी म्हणालो.