शेंडीला काज

संयोगिता मॅडमचं बुटिक सोडलं तेव्हा त्या गल्ल्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. “महिन्याभरात परत येशिला दोघीबी. या, चहा ठेवते,” म्हणाल्या आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

सहा वर्षं आम्ही त्यांच्यासाठी पर्सेस, बटवे, पिशव्या शिवल्या. शिवायच्या आम्ही आणि आत चमचमतं लेबल लागायचं त्यांचं. एकदा एका बाईनं मी शिवलेला बटवा माझ्यासमोरच हातात घेतला आणि म्हणाली, “काय हात आहे हो मॅडम तुमचा!” आणि मॅडम लाजल्या. लाजल्या! माझं डोकं फिरलं ते फिरलंच. त्याच दुपारी मी उठले आणि माझ्या मागून हाफिजा उठली.

हाफिजा माझी जोडीदारीण. तिचे सासरे मीरासाब कोट शिवण्यात एक नंबर होते. जाताना त्यांनी सुनेला दोन गोष्टी दिल्या, त्यांची कात्री आणि हातानं काज करायची कला. कात्री रोज चालायची, पण काज कोण करून घेतंय आता? राजारामपुरीत एका क्लासच्या वरची खोली आम्ही भाड्यानं घेतली. वाटणी सरळ होती. कापायचं तिनं, शिवायचं मी आणि भांडायचंही मीच.

नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस गेले. हाफिजाचा ‘हा’ आणि माझ्या वर्षाराणी नावातला ‘व’ आणि ‘रा’ घेऊ, असं तिनंच सुचवलं. मी वहीत जोडून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. हावरा! खाली क्लासमधली पोरं दचकली असतील इतक्या आम्ही हसलो. शेवटी लेबलवर दोघींची अख्खी नावं छापली.

आठवड्यात पहिली ऑर्डर आली, गारगोटीहून. आक्का म्हणून एक आजी होत्या, त्यांच्या नातीचं, तेजस्वीचं लग्न होतं. लग्नाला येणाऱ्या दीडशे सुवासिनींच्या ओट्या भरायच्या होत्या. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड. पदरात घेतलेली ओटी घरी नेईपर्यंत एसटीत सांडते आणि नारळ सीटखाली गडगडत जातो, म्हणून प्रत्येकीला खणाच्या कापडाची छोटी पिशवी द्यायची असं आक्कांनी ठरवलं होतं. “चेन लागली पायजे बघा,” त्यांनी फोनवर तीनदा बजावलं. “न्हाय लागली तर पिशव्या तुमच्या तुमाला.”

ही ऑर्डर नीट गेली तर आमचं नाव होणार होतं. फिसकटली तर मॅडमचा चहा होताच.

माप घ्यायला हाफिजानं नारळ मागितला. मी चटणीसाठी सोलून ठेवलेला नारळ तिच्या हातात दिला, गुळगुळीत, टकला. तिनं तो फिरवून बघितला. “वटीचा असलाच असतोय न्हवं?” तिनं विचारलं. मला घाई होती. “नारळ म्हंजे नारळ. त्यात काय बघायचंय? काप!” मी म्हणाले.

तिनं कापलं. मोरपंखी खण, आत लाल अस्तर, मध्ये ताठपणासाठी बकरम, वर चेन. डब्यासारखी लांबट पिशवी, नारळ आडवा ठेवायचा आणि बाजूला तांदूळ-खण. गुरुवारी संध्याकाळी दीडशेच्या दीडशे तयार झाल्या. रांगेत मांडल्या तेव्हा इतक्या देखण्या दिसत होत्या की मी आपलीच दृष्ट काढावी म्हटलं.

शुक्रवारी मी त्यातली एक घेऊन अंबाबाईच्या देवळात गेले. आपली पहिली ऑर्डर, देवीची ओटी भरावी, आणि खरं सांगायचं तर चारचौघींत पिशवी मिरवावी. बाहेर ओटीच्या दुकानातून नारळ घेतला, पिशवीत ठेवला, चेन ओढली. अर्ध्यावर चेन अडकली. नारळाला चांगली वीतभर शेंडी होती, ती धड आत मावेना की दुमडेना.

दुकानातल्या बयाबाई बघत होत्या. “पावणं, ही पिशवी हाय का मंगळसूत्राची डबी?” त्या म्हणाल्या आणि बायका खो खो हसल्या.

रिक्षा करून तडक परतले. खोलीत शिरले आणि सगळा राग काढला हाफिजावर. माप बघता येत नाही, डोळे कुठं होते, सहा वर्षं काय शिकलीस, तोंडाला येईल ते बोलले. मग तिनं शांतपणे एवढंच विचारलं, “नारळ कुणी दिलता?”

मी खाली बसले. आयुष्यभर ओट्या घेतल्या, ओट्या भरल्या. देवाच्या नारळाची शेंडी काढत नाहीत हे आमच्या घरात पोरीबाळींनाही ठाऊक. आणि मी, पाटलाची सून, चटणीचा नारळ मापाला दिला! तिनं विचारलं होतं, तरी दिला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“शेंडी कापली तर?” तिनं भीतभीत विचारलं.

“बोडका नारळ वटीत? आक्का मला कापंल!”

नव्यानं कापायचं तर मोरपंखी खण बोटभरही उरला नव्हता. सोमवारी पिशव्या गारगोटीत पोचायला हव्या होत्या. मला मॅडमच्या चहाचा वास यायला लागला.

हाफिजानं मी आणलेला नारळ आडवा पिशवीत ठेवला. शेंडी जिथं टेकत होती तिथं बाजूच्या कापडावर खडूनं रेघ मारली. “वर्षा, कोटाच्या बटनाला काज असतंय. मग शेंडीला का नको?” ती म्हणाली. सासऱ्यांची कात्री घेतली आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत चीर पाडलीसुद्धा. लाल रेशमानं कडेनं काज भरलं. घट्ट, गाठीला गाठ लावून, दोरा कुठं तसूभर ढिला नाही. मग आतून शेंडी बाहेर ओढली. चेन सर्रकन लागली. बाहेर शेंडी अशी ऐटीत उभी, फेट्याच्या तुऱ्यासारखी.

पुढचे अडीच दिवस आम्ही मशीनला हात लावला नाही. ती मला काज शिकवत होती आणि मी निमूट शिकत होते. माझी पहिली सात काजं तिनं एक शब्द न बोलता उसवली. आठवं ठेवलं. इतकं कौतुक माझं कुणी बोलूनही कधी केलं नव्हतं.

सोमवारी गारगोटीला जाताना मी गाडीत बोलणं पाठ करत होते. फॅशन आहे म्हणायचं, पुण्या-मुंबईत सध्या हेच चालतं म्हणायचं. आक्का अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, तरी नजर भलतीकडेच. त्यांनी पिशवी हातात घेतली, शिवण चाचपली, चेन ओढून बघितली आणि बोट काजात गेलं.

“हे काय भोक पाडलंय?”

मी तोंड उघडायच्या आत हाफिजा बोलली. “आक्का, चुकलं. सोललेल्या नारळाचं माप घेतलं. शेंडी मावंना, म्हणून काज केलं.” मला जमीन दुभंगावी असं झालं. तिनं माझं नावही घेतलं नाही. मग मात्र मला राहवेना. “नारळ मी दिलता,” मी म्हणाले.

आक्कांनी नारळ मागवला, स्वतः पिशवीत ठेवला, शेंडी ओढून बाहेर काढली. बोटांनी ती शोधली, सोडली, पुन्हा शोधली. मग पिशवी फिरवून शेंडी माझ्याकडे केली.

“आमच्यात शेंडी वटी घेनारीकडं करायची असती,” त्या म्हणाल्या. “डोळं गेलं तवापासनं, खण-तांदळासकट नारळ वंजळीत घेतला की चाचपायला हात ऱ्हाईना, मला कळंना झालं. परत्येक नारळाला सुनंला इचारायचं, बाई, शेंडी कुनीकडं? दोन वरसं झाली, वटी भरायचीच सोडली म्या.” आणि लगेच त्यांचा आवाज चढला. “सूनबाई! उद्या माझी खुर्ची मांडवात मांड. दीडशे वट्या म्या सोता भरनार!”

आणि भरल्या. आम्हालाही लग्नाचं निमंत्रण होतं. भर मांडवात आक्का खुर्चीवर बसल्या आणि एकेकीची पिशवी हातात घेऊन, शेंडी चाचपून, फिरवून, ओटी देत गेल्या. एकदाही चुकल्या नाहीत. बायका विचारत होत्या पिशव्या कुणी शिवल्या. आक्का खणखणीत आवाजात दोघींची नावं सांगत होत्या. मी रडले, सरळ डोळ्यांना पदर लावून रडले. हाफिजा मात्र जाता-येता प्रत्येक पिशवीचं काज तपासत होती.

दोन महिन्यांनी संयोगिता मॅडम आमच्या जिन्यावर धापा टाकत आल्या. त्यांच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई शेंडीची पिशवी मागत होती. आम्ही त्यांना बसवलं आणि चहा ठेवला.

“माझ्यासाठी शिवा की गं,” त्या म्हणाल्या. “लेबल तेवढं माझं.”

“नाव आमचंच राहनार,” मी म्हणाले. “आन् आत न्हाय, भाईर.”

मॅडमचा चेहरा पडला. “चार दिसांत लई हावऱ्या झालायसा गं!”

हाफिजानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेचना.

“बरोबर वळखलंसा मॅडम,” हाफिजा डोळे पुसत म्हणाली. “हावराच की आमी दोघी!”

मॅडमना काहीच कळलं नाही. चहा अर्धा ठेवून, आमच्या नावाच्या पन्नास पिशव्या घेऊन त्या जिना उतरल्या.