बापाचा महिना

भाऊसोनं आयुष्यात फारसं खोटं बोलून पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते त्याला नीट जमतही नव्हतं. लढाईत पलटणीच्या लॉऱ्या हाकायला म्हणून तो आफ्रिकेला गेला, नैरोबीत इंजिनं खोलायला शिकला आणि लढाई संपल्यावर पलूसजवळच्या आपल्या वस्तीवर परत आला. आता नैरोबीच्या एका गॅरेजवाल्यानं त्याला बोलावणं धाडलं होतं. बायकापोरं घेऊन ये, राहायला खोली देतो, असा निरोप होता. बायको होती. पोर मात्र भाऊसोची नव्हती आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

हरणा ही अंजनाची पहिल्या घरची मुलगी. अंजनाचा पहिला नवरा अर्जुना हा आटपाडीकडचा धनगर. वर्षातले निम्मे महिने मेंढरांमागं हिंडायचं, आज या रानात चूल तर उद्या त्या. अंजनाला ते सोसवेना. शेवटी पंचांपुढं काडी मोडून दोघं वेगळी झाली आणि पुढं तिनं भाऊसोशी पाट लावला. काडी मोडताना पंचांनी पोरीचाही निवाडा केला होता. पोर आईपाशी राहील, पण दिवाळीला अर्जुनाची मेंढरं कृष्णाकाठी उतरली की एक महिना बापाचा. आणि एकमेकांना विचारल्याशिवाय पोरीला कुणी लांब न्यायचं नाही. त्यावर दोघांनी बिरोबाचा भंडारा उचलला होता. हळदीची ती चिमूट हातात घेऊन दिलेला शब्द मोडणाऱ्याला धनगरवाड्यात कुणी दारात उभं करत नाही.

भाऊसो तेव्हा पलटणीत होता. 'भंडारा त्यांनी उचललाय, मी कुठं उचललाय?' असं तो हल्ली मनाशी घोकत होता. विचारायला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. अर्जुना नाही म्हणाला तर अंजना पोरीला सोडून यायची नाही, आणि खरं सांगायचं तर पोरीशिवाय त्यालाही करमलं नसतं. मोटारीचं चाक कसं काढायचं हे ती त्याच्या मांडीला मांडी लावून शिकली होती. तेव्हा नाही ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्यानं ठरवलं.

"आटपाडीच्या बाजारात अर्जुना भेटला हुता," त्यानं अंजनाला सांगितलं. "इचारलं. व्हय म्हनला."

"एवड्यात व्हय म्हनला?" अंजना म्हणाली. मग तिनं डोळ्यांना पदर लावला. "लय मोठ्या मनाचा मानूस हाय."

भाऊसो गोठ्याकडं निघून गेला.

पण जहाज दिवाळीनंतर लगेच सुटणार होतं आणि मेंढरं त्याच सुमाराला येणार होती. म्हणून भाऊसोनं आणखी एक डोकं चालवलं. कडेगावचा लालासाहेब हा त्याचा पलटणीतला दोस्त, घरचा बागायतदार. अर्जुनाची वाट त्याच्या रानावरूनच जायची. मेंढरं रात्री रानात बसवली की लेंड्यांचं खत पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो, ही चालत आलेली रीत. भाऊसो सायकल मारत कडेगावला गेला.

"गड्या, अर्जुनाची मेंढरं तुझ्याच रानात बसवून घे. दानं जरा सढळ हातानं दे. पर महिनाभर हलू दिऊ नगो."

"ऊस लावायचाच हाय, मला तर बरंच," लालासाहेब म्हणाला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. भाऊसोनंही सांगितलं नाही.

दिवाळी झाली. सांगलीहून पत्र्याची ट्रंक आली, हरणाला नवं परकर-पोलकं आलं. जहाजात मेंढरं असतात का, असं ती सगळ्यांना विचारत सुटली. निघायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी अर्जुना अंगणात येऊन उभा राहिला. खांद्यावर शाळूचं पोतं होतं आणि चेहरा घामानं निथळत होता.

भाऊसोच्या तोंडचं पाणी पळालं.

अर्जुनानं पोतं खाली ठेवलं आणि हात जोडले. "भाऊसो, लय उपकार झालं. लालासाहेब म्हनलं, तुमी शब्द टाकला म्हनून बसवून घेतलं. औंदा आमच्याकडं पावसानं दगा दिला, मेंढरं कुटं न्यावी कळंना झालतं. भावाला तळावर ठिवून आलोय. हे पैल्या बसवणीचं दानं. तुमच्यामुळं गावलं, तवा पैलं तुमच्याच घरात."

भाऊसोला त्या पोत्याकडं बघवेना.

एवढ्यात हरणा धावत आली आणि बापाच्या कमरेला बिलगली. "बा, आमी जहाजातनं जानार. तू बी ये की."

अर्जुना हसला. मग त्याची नजर सोप्यातल्या ट्रंकेवर गेली. "कुटं निगालाय?"

"आवं, आफ्रिकेला," अंजना आतून येत म्हणाली. "तुमीच तर व्हय म्हनला. बाजारात इचारलं न्हाई का ह्यांनी?"

अर्जुनानं भाऊसोकडं पाहिलं. अंजनानंही पाहिलं. भाऊसोनं मान खाली घातली आणि ती तशीच राहिली.

"म्हंजी मला तिकडं कोंडून ठिवला," अर्जुना सावकाश म्हणाला. "म्होरं दानं टाकून. मेंढरासारका."

"अर्जुना, माजं चुकलं. मला वाटलं, तुमी न्हाई म्हनशीला."

"इचारलं असतं तर भांडलो असतो, रडलो असतो, आनि व्हय म्हनलो असतो. पोरीचं बरं मला कळत न्हाई व्हय? आता मातुर त्वांडातनं व्हय निगत न्हाई."

अंजना आत गेली, ट्रंक उघडली आणि पोरीचे कपडे काढून एका फडक्यात बांधू लागली. नवऱ्यावर ओरडली असती तर भाऊसोला बरं वाटलं असतं. गाठोडं आणून तिनं अर्जुनापुढं ठेवलं.

"तुमचा महिना तुमी घ्या," ती म्हणाली. "जहाज गेलं तर जाऊ दे."

अर्जुनानं एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात पोरीचा हात धरला. "महिना झाला की आनून घालतो. मग काय ते बोलू," एवढं म्हणून तो निघाला. शाळूचं पोतं अंगणातच राहिलं. त्या पोत्याला घरात कुणी हात लावला नाही.

भाऊसोनं गॅरेजवाल्याला तार केली, पुढच्या जहाजानं येतो म्हणून. अंजना त्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. बांधावरून जाताना लोक रामराम घालत, तर हे सगळ्यांना ठाऊक आहे असंच त्याला वाटे. आणि लाज पुरेशी नव्हती म्हणून की काय, जसा महिना सरत आला तसा एक नवीनच किडा त्याच्या डोक्यात शिरला. अर्जुना आला नाही तर? मेंढरं घेऊन घाटाखाली उतरला तर कोकणात कुठं म्हणून शोधायचा? मी त्याच्या जागी असतो तर आलो असतो का, असं त्यानं स्वतःला विचारलं आणि उत्तर काही चांगलं आलं नाही.

महिना भरायच्या दिवशी तो पहाटेच उठला. कोपऱ्यातली काठी घेतली आणि सायकलवर टांग मारून कडेगावला पोहोचला. लालासाहेबाचं रान मोकळं होतं. लेंड्या पडल्या होत्या, तीन दगडांची चूल थंड होती, मेंढरू एक नव्हतं. लालासाहेबाचा गडी म्हणाला, तळ कालच हलला.

"पळाला," भाऊसो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, शिवी घालून म्हणाला. गड्यानं चमकून पाहिलं. मग दिवसभर भाऊसो वाट दिसेल तिकडं सायकल दामटत राहिला. मेंढरं कुठं दिसली का, म्हणून वाटसरूंना विचारत होता. माझी पोर पळवली, असंही त्यानं एकदोघांना सांगितलं. 'माझी' हा शब्द तोंडातून सहज गेला.

दिवस कलला तेव्हा तो सायकल ढकलत वस्तीवर आला. अंगणात अर्जुना बसला होता. हरणा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि अंजना समोर भाकरी घेऊन बसली होती.

"सकाळधरनं वाट बगतोय तुमची," अर्जुना म्हणाला. "जितराब लांब पडू नये म्हनून कालच तळ हिकडं वड्याकाठी आनला. कुटं गेलता?"

भाऊसोच्या हातात काठी होती. ती मागं लपवावी असं त्याला वाटलं, पण वेळ निघून गेली होती. अर्जुनानं काठीकडं पाहिलं, भाऊसोच्या धुळीनं भरलेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. अंजनालाही उमगलं. ती उठून आत गेली.

"वाटंत कुत्री लय झाल्याती," अर्जुनाच म्हणाला. "काटी असलेली बरी."

भाऊसोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठी टाकून तो खाली बसला.

"न्या तिला," अर्जुना म्हणाला. "महिनाभर मोटारीचंच सांगत हुती. मेंढरांत तिचं मन न्हाई, आईवर गेलीया. पर तिकडं मेंढरं घिऊन मला येता यायचं न्हाई. कवा दावशीला?"

"तीन वर्सांनी सुट्टी असती. घिऊन येतो. बिरोबाच्यान घिऊन येतो."

भाऊसोनं आत हाक मारून भंडारा मागितला. अंजनानं देवापुढची वाटी आणून मधे ठेवली. भाऊसोनं चिमटीसाठी हात पुढं केला, तेवढ्यात अर्जुनानं वाटीवर पंजा पालथा घातला.

"तुमी नगा उचलू."

"का?"

"मोडायचं पाप लागंल तुमास्नी." त्यात राग नव्हता. उन्हात बसू नका सांगावं तसं त्यानं सांगितलं. "तिच्या आईनं उचललाय, तेवडा पुरं."

त्यानं हरणाला हलवून जागं केलं, तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि तिचा हात भाऊसोच्या तसाच पुढं राहिलेल्या हातात दिला. मग घोंगडं खांद्यावर टाकून तो ओढ्याकडं चालू लागला. हरणानं भाऊसोकडं बघत विचारलं, "तात्या, तुमच्या कपाळाला का न्हाई लावला बानं?"